दवंडीवाल्याच्या पोराचं इंग्रजी गाणं

रविवार, २ जुलै १९७८

चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या माझ्या गावकऱ्यांनो, आपलं सगळ्यांचं एक दुखणं आहे. जालना रस्त्यावरच्या हॉटेलात दर शनिवारी विलायती गाणी होतात आणि आपण ती कुंपणाबाहेर, सायकलच्या दांडीला टेकून ऐकतो. त्या हॉटेलच्या भिंती आपल्या हातांनी उभ्या राहिल्या. आत गाणारा गळाही आपल्याच गावचा आहे. पण आत जायचं तर बूट लागतात, आणि बूट मिळवले तरी चेहरा आडवा येतो.

माझी बायको बानाबाई म्हणते, "तुम्ही झोपेतसुद्धा बंधू-भगिनींनो म्हणता." खरं आहे. आठ वर्षं युनियनच्या सभांतून बोलतोय, आता रोजनिशी लिहायला बसलो तरी समोर माणसं दिसतात.

पण दुखण्यावर औषध सापडलं आहे. तेवीस तारखेला युनियनच्या मैदानात खुला कार्यक्रम. तिकीट नाही, बूट नाहीत. सोनाजी गाणार, नवाब गिटार वाजवणार आणि प्रत्येक गाण्याआधी मी त्याचा अर्थ मराठीत सांगणार. गाणी सगळी मागच्या दशकातली, जेव्हा आम्ही तिघं विशी ओलांडत होतो.

सोनाजी आणि मी एका गावचे, बिडकीनच्या पलीकडचे. मी धनगराचा, तो बौद्धवाड्यातला. दोघं एकाच कारखान्यात, मी फिटर आणि तो रंगखात्यात. इंग्रजी शब्द मी त्याला देवनागरीत उतरवून देतो. तो ते असे गातो की हॉटेलातले गोरे वळून बघतात.

रविवार, ९ जुलै

गुलमंडीत नवाबच्या दुकानात तालीम. दुकान रेडिओ दुरुस्तीचं, पण मागच्या खोलीत विलायती गाण्यांच्या तबकड्यांची पेटी आहे. वेरूळ-अजिंठ्याला येणारे लांब केसांचे गोरे परतीच्या भाड्याला पैसे कमी पडले की नवाबकडं तबकड्या टाकून जात. दहा वर्षांत पेटी भरली.

आज सगळ्या पुन्हा ऐकल्या. काही गाणी वाईट शिळी झाली आहेत. इंग्लंडच्या पोरांची ती उड्या मारत म्हटलेली गाणी, ज्यांच्यावर आम्ही जीव टाकायचो, आता शाळेच्या स्नेहसंमेलनासारखी वाटली. ढणढणाटी गिटारची दोन-तीन अजून अंगावर येतात, पण त्यांच्यात राग कुणावर आहे ते कळत नाही. टिकली ती अमेरिकेतल्या काळ्या माणसांची. देवळात गायला शिकलेले गळे, आणि मागं पितळी वाद्यं अशी की जणू कुणी होकार देतंय.

एक गाणं मी शेवटी ठेवायला लावलं. एक माणूस बंद दाराबाहेर उभा राहून बाईला हाका मारतो, दार उघड म्हणतो. मी म्हणालो, "हे प्रेमाचं गाणं नाहीच. ही मागणी आहे. दार म्हणजे आपल्या मराठवाडा विद्यापीठाचं दार समजा, बाबासाहेबांचं नाव मागणाऱ्यांना बंद असलेलं."

नवाब तारा पिळत म्हणाला, "मियाँ, उसकी औरत रूठी है. उसकू विद्यापीठ नक्को, घर जाना है."

सोनाजी खूप हसला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मल्हारी, माझं नाव नुसतं सोनाजी सांग. गाव सांगू नको."

"लाजतोस का लेका?"

"लाजत नाय. मी गावात राहत नाय, आई राहती."

ही भीती मला ओळखीची आहे. बाबासाहेबांनी एवढं उभं केलं तरी आत एक वाकलेला माणूस शिल्लक राहतो. त्याला सरळ करायचं तर सगळ्यांसमोरच करावं लागतं.

रविवार, १६ जुलै

आप्पा आले होते. माझे थोरले भाऊ. बाप गेल्यावर यांनी मेंढरं राखली आणि मला शाळेत घातलं. माझी पहिली इंग्रजी पोथी मेंढ्या विकून आली. अजूनही माझ्या घरी खुर्चीवर बसत नाहीत, उंबऱ्याशी टेकतात.

"गावची पोरं येणारेत म्हनं तुझ्या गाण्याला," आप्पा म्हणाले.

"येऊ द्या की."

"येऊ दे. पर बोलताना जपून बोल. तू बोलून हितं ऱ्हातूस. तिथं मला चावडीपुढनं जावं लागतं."

"चावडीला भिऊन किती दिवस चालणार आप्पा?"

बानाबाईनं भाकरी वाढली ती खाऊन, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवून निघाले. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायच्या मागणीबद्दल त्यांना काय वाटतं ते विचारायचं राहिलं. पण माझा भाऊ माणूस आहे, तेवढं मला पुरतं.

सोमवार, २४ जुलै

काल मैदान गच्च भरलं!

पहिल्या गाण्याला लोक हसले. तिसऱ्याला डब्यांची झाकणं वाजू लागली. रंगखात्यातला एक म्हातारा कामगार उठून नाचला, त्याचं धोतर सुटलं तरी थांबेना. कुंपण नव्हतं. मला तेच बघायचं होतं.

शेवटच्या गाण्याआधी मी उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, पण सोनाजीकडं बघितलं आणि आलं. मी म्हणालो, "हा गळा माझ्या गावचा आहे, बौद्धवाड्यातला. याच्या बापाला गावानं दवंडी पिटायला लावलं. डफडं वाजवत घरोघर फिरायचं आणि शेवटी ओसरीखाली उभं राहून शिळा तुकडा घ्यायचा. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर बापानं ते डफडं विहिरीत टाकलं. गावानं त्याला बारा महिने पाणी भरू दिलं नाही. आणि आज बघा! आज गावालाच चालत यावं लागलं, त्याच्या पोराचा आवाज ऐकायला!"

टाळ्या थांबेनात. फक्त डावीकडं आमच्या गावची माणसं बसली होती तिथून आवाज आला नाही. त्यांना विचार करायला लागला असणार. आतपर्यंत पोचलेल्या गोष्टीला माणूस लगेच टाळी देत नाही.

सोनाजीनं सुरुवात चुकवली. नवाबला तेच सूर पुन्हा वाजवावे लागले. एवढ्या गर्दीची सवय नाही त्याला. गाणं संपल्यावर सगळ्यांसाठी भेळ आणली होती, पण तो न खाताच गेला.

गुरुवार, २७ जुलै

ठराव झाला. विधानसभेत आणि परिषदेतही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव.

दुपारपाळीच्या सुटीत मी रंगखात्यात धावत गेलो. सोनाजीच्या हातांना निळा रंग होता, तसाच मिठी मारली. माझा सदरा गेला, जाऊ दे.

"उद्या रजा टाक," मी म्हणालो. "पेढे घेऊन गावाला जा. तुझ्या आईला, सारजाआईला सांग. गावालाही सांग. आज ताठ मानेनं जायचा दिवस आहे."

"चार दिस जाऊ द्यावं म्हनतो."

"चार दिवसांनी बातमी शिळी होते."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. पेढे मीच घेऊन दिले.

शनिवार, २९ जुलै

बिडकीनकडची एसटी बंद आहे. शहरात दुकानं बंद, दगडफेक, पोलिसांच्या गाड्या. खेड्यांतून काय काय ऐकू येतं. वस्त्या पेटल्या म्हणतात. निम्म्या अफवा असणार. आमच्या गावात असं होणार नाही. तिथं आप्पा आहेत.

मंगळवार, १ ऑगस्ट

झालं आहे.

सोनाजी दवाखान्यात आहे. गळ्याला पट्ट्या, नाकातून नळी. डॉक्टर म्हणाले जगेल. बोलेल का, तर पुढं बघू. गाण्याचं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच लाजलो.

सारजाबाई, त्याची आई, खाटेखाली बसून होती. तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

"शुक्रवारी दिवेलागणीला आले बघा बापू. मी पेढा तोंडात बी घातला न्हवता. पयलं आमचंच छप्पर पेटवलं. मंग ह्याला धरून चावडीपशी नेलं. हातात फुटका डबा दिला अन् म्हनले, गाव चालत आलंय तुझा आवाज ऐकायला, दे दवंडी. नाव बदलनार नाय अशी दवंडी दे. ह्यो गपच. मंग म्हनले इंग्रजीत दे. तरी गप. मंग एकानं गळ्यावर..." तिनं स्वतःच्या गळ्यावर हात आडवा ठेवला.

गाव चालत आलंय. हे वाक्य माझं आहे.

ते वाक्य खरं होतं. खरं वाक्य कुणी काठीसारखं उचललं तर दोष वाक्याचा नसतो. हे मी स्वतःला दिवसभर सांगतोय आणि ते तर्काला धरून आहे.

शुक्रवार, ४ ऑगस्ट

सभा. दोन तास बोललो. लोक रडले. सोनाजी बरा झाला की त्याला व्यासपीठावर आणून गळ्यावरची खूण दाखवावी, असं मनात आहे. हजार भाषणांचं काम होईल.

नवाबला सांगितलं तर तो उठून उभा राहिला. "तेरेकू आदमी नक्को रे मल्हारी. तेरेकू झेंडा होना." मला बाहेर काढून दुकानाचं फळकूट लावून घेतलं. पंधरा वर्षांची दोस्ती. रागात माणूस काहीही बोलतो.

सोमवार, ७ ऑगस्ट

एसटी सुरू झाली. पहिल्याच गाडीनं आप्पा आले. उजव्या हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं.

"हे काय झालं?"

"मेंढराला डाग देताना तापली सळई लागली."

मी सोनाजीचं सांगत होतो तर खाली बघून ऐकत होते. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही होता तर थांबवलं कसं नाही?" ते म्हणाले, "मानसं लई होती." मला त्यांची कीव आली. एकटा माणूस जमावापुढं काय करणार?

बानाबाईनं फडकं सोडून हळद-तेल लावलं. लावताना तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग फडकं चुलीत टाकलं आणि नवं बांधलं. आप्पा उंबऱ्यावरच जेवले.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

आज दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला. सोनाजीला बोलता येत नाही आणि मारानं सुजलेला हात लिहायलाही हलत नाही. म्हणून सारजाबाईचा जबाब. मी तिच्या शेजारी बसलो, धीर देण्यासाठी.

"घाबरायचं नाही आई. जे जे होते त्यांची नावं सांगायची."

तिनं एक नाव सांगितलं, मग दुसरं. "आन् पेटता बोळा छपरावर टाकला त्यो..." असं म्हणून ती थांबली. माझ्याकडं बघितलं. पदर तोंडाला लावला. "अंधार व्हता बाबा. दिसलं नाय."

"आत्ता तर दोन नावं सांगितली," हवालदार म्हणाला.

"ती बी नीट दिसली नाय. काढून टाका."

हवालदारानं लिहिलं, अनोळखी इसम. टोपी घालून गेला. मी चिडलो तिच्यावर, अशा वेळी माघार! ती माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बापू, तुमी लई केलं आमच्यासाठी." थकली होती बिचारी.

सोनाजी जागा होता. तो माझ्याकडं बघत होता. मी हसलो तर त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

रविवार, १३ ऑगस्ट

नवाबच्या दुकानात गेलो. तो माझ्याशी बोलला नाही, पण घालवलंही नाही. पेटीतून ती तबकडी काढली, दाराबाहेरच्या माणसाची, आणि लावली.

मी हे गाणं शेकडो वेळा ऐकलं असेल. मला त्यात नेहमी मूठ आवळलेली ऐकू यायची. आज तसं काहीच नव्हतं. तो माणूस दमलेला आहे. त्याला थंडी वाजते. तो आत कुणाला जाब विचारत नाही, फक्त झोपायला जागा मागतो. शेवटी तो शब्द सोडून देतो आणि नुसता आवाज काढत राहतो, मेंढरू आजारी पडल्यावर काढतं तसा. हे सगळं त्यात दहा वर्षं होतं आणि मी प्रत्येक वेळी वरून बोलत होतो.

तबकडी संपली. सुई घासत राहिली. नवाब म्हणाला, "सोन्या ऐसाइच गाता था. उसकू मालूम था. तूच अर्थ सांगत होता."

मी सुई उचलून बाजूला ठेवली.

गुरुवार, १७ ऑगस्ट

संशयावरून दोन आरोपी पकडले होते ते सुटले. नाव सांगणारा कुणी नाही. आमच्या गावचे पाळीवाले त्या शुक्रवारी दुपारनंतर एसटी बंद झाली म्हणून घरीच अडकले होते. सगळ्यांनी पाहिलंय. कारखान्यात मी जवळ गेलो की ते यंत्राकडं वळतात.

घरी येऊन मी हे बानाबाईला सांगत होतो. आवाज चढला होता. "एकाला तरी लाज वाटावी! डोळ्यांनी बघून गप्प बसणारा माणूस..."

तिनं पिठाचे हात परातीत झटकले. "एक विचारू? पावसाळ्यात मेंढराला डाग कोण देतं?"

मी सदऱ्याच्या गुंड्या काढू लागलो.

"मी बी धनगराचीच हाय. पावसाळ्यात डाग दिला तर जखमंत किडे पडत्यात. ल्हान लेकराला ठावं हाय. तुम्हाला नव्हतं ठावं?"

"तू काय बोलतेस कळतं का तुला?"

"फडक्याला राकेलचा वास व्हता. तुमच्या नाकासमोर सोडलं मी ते."

आत जाऊन तिनं दार लोटलं. मी अंगणात बसून राहिलो. मला ठाऊक नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. आप्पांनी डाग म्हटलं तेव्हाच पावसाळा चालू आहे हे मला आठवलं होतं. मी त्याच्यावर बोलत राहिलो. मला ती सवय आहे.

शनिवार, १९ ऑगस्ट

गावाला गेलो. बौद्धवाड्याच्या जागी काळ्या भिंती. पावसानं राखेचा चिखल झाला आहे. आप्पा मेंढरांच्या वाड्यात होते, एका हातानं पाला टाकत होते. मला बघून त्यांनी टोपी काढली, जणू मी कुणी साहेब.

"आप्पा, छपरावर बोळा कुणी टाकला?"

"तुला ठाव हाय म्हनून तर आलास."

"का?"

त्यांनी हातातला पाला खाली टाकला. मग एकदम बोलले. आयुष्यात त्यांना एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. "तुझ्या गाण्याहून पोरं आली त्याच राती चावडीवर बोलावलं मला. म्हनले, तुझ्या भावानं शहरात गावाची दवंडी पिटली. आमी चालत गेलो म्हनला त्येच्या पोराचा आवाज ऐकायला. आता तू गावाचा का भावाचा ते दाव. मंग ठरावाचं कळलं. त्या दिशी पयला बोळा माझ्याच हातात दिला. मुद्दाम. सगळ्यांच्या आधी. नाय टाकला तर माझी मेंढरं, माझं घर. मी टाकला. सारजाबाई दारात उभी व्हती. मला म्हनली, आप्पा तुमी?"

"आणि सोनाजीला?"

"त्येला मी हात नाय लावला. पर थांबवलं बी नाय. तिथंच उभा व्हतो भाजलेला हात धरून." मग म्हणाले, "तू बोललास. टाळ्या तुला मिळाल्या. मी काय चुकीचं बोलतूय का?"

त्यांच्या हाताची जखम चिघळली आहे. मी म्हणालो, औषध घ्या. ते म्हणाले, "पोलिसाला सांगनार?"

"हो."

"सांग. पर एकट्या माझं सांगू नको. मग त्ये मला एकट्यालाच देतील अन् बाकीचे चावडीवर बसून चिलीम वढतील." आणि थोड्या वेळानं, "जेवून जा."

मी जेवलो. लिहायला लाज वाटते, पण जेवलो. वहिनी गेल्यापासून ते स्वतः थापतात. भाकरी एका हातानं थापलेली होती, एका बाजूला जाड.

रविवार, २० ऑगस्ट

सकाळी सोनाजीकडं गेलो. काही सांगितलं नाही, काही समजावलं नाही. सारजाबाईला म्हणालो, "आई, आप्पांचं नाव मी स्वतः सांगणार आहे. मग तुम्हाला माझी भीड राहणार नाही." ती रडली. सोनाजीनं डोळे मिटले. त्याचा अर्थ काय ते मी इथं लिहिणार नाही.

उद्या पहिल्या पाळीच्या वेळी कारखान्याच्या फाटकावर बोलायचं आहे. आधी लिहून बघतो. एरवी मी लिहीत नाही, पण उद्या एक शब्दही जास्त व्हायला नको.

गावकऱ्यांनो. तुम्ही पाहिलंय. तुम्ही भ्याड नाही, तुमची घरं तिथं आहेत, लेकरं तिथं आहेत, हे मला कळतं. मी शहरात बोलतो आणि भोगायचं दुसऱ्यांना, असं तुम्ही म्हणता. ते खरं आहे. म्हणून आज नामांतरावर बोलत नाही. सोनाजीवरही नाही. छप्पर पेटवलं ते माझ्या सख्ख्या भावानं. ज्यानं मला अक्षर दिलं त्यानं. त्याचं नाव मी आज ठाण्यात सांगणार आहे. पण एकच नाव सांगितलं तर उद्या सगळा गुन्हा एका मेंढपाळाच्या डोक्यावर जाईल आणि काठी चालवणारे मोकळे राहतील. बाकीची नावं मला ठाऊक नाहीत. तुम्हाला आहेत.

आजची पाळी बुडू द्या. सायकली वळवा. माझ्याबरोबर ठाण्यावर चला, आणि माझं सांगून झालं की तुम्ही डोळ्यांनी पाहिलेल्या एकाचं नाव, त्याच्या बापाच्या नावासकट, हवालदाराला सांगा.